लुटलेले तेल जनतेला परत मिळाले का? खोदोरकोव्हस्की प्रकरणाचा धडा

मागच्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात एका तरुण कार्यकर्त्याने मोबाईलवर फिरणारा एक व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. रशियातला एकेकाळचा सर्वात श्रीमंत माणूस न्यायालयात लोखंडी पिंजऱ्यात बसला आहे, आणि खाली मजकूर आहे की भांडवलदारांना वठणीवर आणायचे तर असा नेता लागतो. वर्गातल्या निम्म्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा राग मला कळतो. घरात दोन-दोन पदव्या पडून आहेत, नोकरी कंत्राटी आहे, आणि टीव्हीवर रोज कुणा ना कुणा धनिकाच्या लग्नाचा थाट दिसतो. अशा वेळी पिंजऱ्यातला अब्जाधीश पाहून बरे वाटणारच.

मी त्यांना एकच प्रश्न विचारला. या माणसाकडून काढून घेतलेले तेल पुढे कुणाच्या ताब्यात गेले? कुणालाच सांगता आले नाही. या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय टाळ्या वाजवणे धोक्याचे आहे, म्हणून हा लेख.

त्या माणसाचे नाव मिखाईल खोदोरकोव्हस्की. जन्म २६ जून १९६३, मॉस्को. आई-वडील दोघेही अभियंते, वडील ज्यू. लहानपणी हे कुटुंब इतर कुटुंबांबरोबर एकाच सामायिक सदनिकेत राहत असे. म्हणजे हा काही वारशाने श्रीमंत झालेला माणूस नाही. १९८६ मध्ये त्याने मॉस्कोच्या मेंदेलेयेव्ह रासायनिक तंत्रज्ञान संस्थेतून पदवी घेतली. पण त्याचे खरे शिक्षण झाले ते कोमसोमोलमध्ये, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या युवक संघटनेत. तिथे तो पदाधिकारी होता. गोर्बाचेव्हच्या काळात या युवक संघटनेला छोटे उद्योग काढायची मुभा मिळाली. खोदोरकोव्हस्कीने १९८७ मध्ये तरुणांसाठीचे एक तंत्रज्ञान केंद्र काढले आणि परदेशी संगणक आणून विकायला सुरुवात केली.

आणखी एक धंदा होता, तो समजून घेतला पाहिजे. सोव्हिएत व्यवस्थेत सरकारी कारखान्यांकडे कागदावरचा पैसा असे, पण तो हातात रोख घेता येत नसे. या केंद्रांना मात्र तो रोखीत बदलण्याची परवानगी होती. म्हणजे जनतेच्या कारखान्याचा पैसा एका दाराने आत यायचा आणि दुसऱ्या दाराने खासगी रोकड होऊन बाहेर पडायचा. सगळे नियमात बसवून. यातूनच मेनातेप बँक उभी राहिली. १९९२ मध्ये त्याने आपला भागीदार लिओनिद नेव्झलिनबरोबर ‘रुबलवाला माणूस’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले. पैसा कमावणे हेच आता ध्येय, असा त्या पुस्तकाचा सूर होता. चार-पाच वर्षांपूर्वीचा युवक संघटनेचा पदाधिकारी हा!

त्याच वेळी सामान्य रशियन माणसाचे काय चालले होते? १९९२ या एका वर्षात महागाई सुमारे २,५०० टक्के वाढली. आयुष्यभराची बचत काही महिन्यांत मातीमोल झाली. रशियन पुरुषाचे सरासरी आयुर्मान १९९० मध्ये ६३ वर्षांच्या पुढे होते, ते १९९४ मध्ये ५८ च्या खाली आले. युद्ध नाही, दुष्काळ नाही, आणि माणसे पाच-सहा वर्षे आधी मरू लागली. सरकारने प्रत्येक नागरिकाला १०,००० रुबलचे एक व्हाउचर दिले आणि सांगितले, देशाच्या मालमत्तेतला हा तुमचा वाटा. भूक लागलेल्या माणसाने तो वाटा किरकोळ पैशांत विकून टाकला. ज्यांच्याकडे रोकड होती त्यांनी पोत्यांनी विकत घेतला.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. १९९५ साली येल्त्सिन सरकारची तिजोरी रिकामी होती आणि पुढच्या वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक होती. कम्युनिस्ट पक्षाचा झ्युगानोव्ह निवडून येईल अशी दाट शक्यता होती. तेव्हा बँकवाल्यांनी एक योजना मांडली. सरकारने बँकांकडून कर्ज घ्यायचे आणि तारण म्हणून सरकारी कंपन्यांचे समभाग ठेवायचे. कर्ज फेडता आले नाही तर समभाग बँकांचे. सरकार कर्ज फेडणार नाही हे सगळ्यांनाच ठाऊक होते. आपल्याकडे सावकार आंगठा घेऊन शेत लिहून घेत असे, तशातला हा प्रकार. फरक एवढाच की इथे शेत जनतेचे होते आणि आंगठा सरकारने दिला.

युकोस ही त्या वेळी सरकारी तेल कंपनी होती. पश्चिम सायबेरियातली तेलक्षेत्रे आणि व्होल्गा नदीकाठचे शुद्धीकरण कारखाने एकत्र करून ती बनवलेली होती. डिसेंबर १९९५ मध्ये तिच्या ४५ टक्के समभागांचा लिलाव झाला. सुरुवातीची बोली १५ कोटी डॉलर. लिलावात बोली स्वीकारण्याचे काम मेनातेप बँकेकडे, आणि बोली जिंकली तीही मेनातेपशी जोडलेल्या कंपनीने, १५.९ कोटी डॉलरला! स्पर्धक बँकांचे अर्ज तांत्रिक कारणाने बाद ठरवले गेले. आणखी एका निविदेतून आलेले समभाग धरले तर ७८ टक्के युकोस सुमारे ३१ कोटी डॉलरमध्ये पदरात पडली. दोन वर्षांनी बाजारात याच कंपनीची किंमत ९०० कोटी डॉलरच्या घरात होती. १९९६ ची निवडणूक येल्त्सिनने जिंकली आणि तिच्यामागे याच बँकवाल्यांचा पैसा आणि दूरचित्रवाणी वाहिन्या होत्या.

कुणी म्हणेल, हे कायद्यानेच झाले. होय, कागदोपत्री कायद्यानेच झाले. पण त्या कायद्याच्या खोलीत जनता कुठेही नव्हती. विकणारा, विकत घेणारा आणि लिलाव करणारा हे तिघे एकाच टेबलावर बसले होते. याला लूट म्हणायला मला जराही संकोच वाटत नाही.

पुढे १९९८ मध्ये रशियाचा रुबल कोसळला आणि मेनातेप बँक बुडाली. बँकेच्या चांगल्या मालमत्ता आधीच दुसरीकडे हलवल्या गेल्या होत्या. पैसे बुडालेले लोक हिशेब मागू लागले तेव्हा बँकेची कागदपत्रे नेणारा ट्रक दुब्ना नदीत पडल्याची बातमी आली. त्याच १९९८ मध्ये नेफ्तेयुगान्स्क या तेलनगरीचा महापौर व्लादिमीर पेतुखोव्ह याचा गोळ्या घालून खून झाला. युकोस शहराचा कर थकवते, म्हणून तो उघड लढत होता, उपोषणालाही बसला होता. २६ जूनला सकाळी कामावर जाताना त्याला मारले. त्या खुनासाठी पुढे युकोसचा सुरक्षा अधिकारी अलेक्सेई पिचुगिन याला जन्मठेप झाली. तो खटला न्याय्य रीतीने चालला नाही असा निर्वाळा युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने दिला. खोदोरकोव्हस्की हा आरोप आजही नाकारतो. २०१५ मध्ये रशियाने त्याच्यावर या प्रकरणात त्याच्या गैरहजेरीत आरोप ठेवले. सत्य काय ते न्याय्य खटल्यातूनच बाहेर आले असते, आणि तसा खटला झालाच नाही. पेतुखोव्हच्या घरच्यांना न्याय मिळाला असे आपण छातीठोकपणे म्हणू शकत नाही. निकालावर विश्वास ठेवता येत नाही तेव्हा पहिला बळी मृताच्या न्यायाचा जातो, हे विसरू नका.

२००० नंतर खोदोरकोव्हस्की बदलला. का बदलला यावर वाद आहे. पाश्चात्त्य गुंतवणूकदारांना विश्वास वाटावा म्हणून असेल, किंवा खरोखर मत बदलले असेल. त्याने कंपनीचे हिशेब आंतरराष्ट्रीय पद्धतीने ठेवायला सुरुवात केली, मालकी कुणाची हे जाहीर केले, २००१ मध्ये ‘ओपन रशिया’ नावाची संस्था काढून शिक्षणावर खर्च केला. विरोधी पक्षांना पैसा दिला. अमेरिकन तेल कंपन्यांना मोठा हिस्सा विकण्याची बोलणी सुरू केली. आणि १९ फेब्रुवारी २००३ रोजी क्रेमलिनमधल्या बैठकीत, कॅमेऱ्यांसमोर, त्याने पुतिनला भ्रष्टाचाराबद्दल सुनावले. सरकारी कंपनी रोसनेफ्टने एक छोटी तेल कंपनी संशयास्पद चढ्या भावाने घेतली होती, तो विषय काढला. पुतिनने उलट विचारले की युकोसला एवढे तेलसाठे कसे मिळाले ते तरी सांग.

दोघांचेही प्रश्न बरोबर होते! पण एकाच्या हातात फक्त पैसा होता आणि दुसऱ्याच्या हातात पोलीस, सरकारी वकील आणि न्यायालय.

जुलै २००३ मध्ये त्याचा भागीदार प्लातोन लेबेदेव याला अटक झाली. २५ ऑक्टोबर २००३ रोजी सायबेरियातल्या नोवोसिबिर्स्क विमानतळावर सशस्त्र पथकाने खोदोरकोव्हस्कीला विमानातून उचलले. पुढच्या वर्षी ‘फोर्ब्स’ने त्याची संपत्ती १,५०० कोटी डॉलर धरली, तेव्हा तो तुरुंगात होता. मे २००५ मध्ये करचुकवेगिरी आणि फसवणुकीसाठी नऊ वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती आठ झाली. त्याला चिता प्रांतातल्या क्रास्नोकामेन्स्क या युरेनियमच्या खाणीच्या गावी, मॉस्कोपासून हजारो किलोमीटरवर पाठवले.

इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. कमी कर लागणाऱ्या प्रांतांत कागदी कंपन्या काढून तेल विकायचे, हा मार्ग त्या काळात इतर तेलसम्राटही वापरत होते. ते मोकळे राहिले. जे सत्तेपुढे वाकले त्यांच्याकडे लुटीचा माल तसाच राहिला. म्हणजे लूट हा गुन्हा नव्हताच. गुन्हा होता तो तोंड उघडण्याचा.

दुसरा खटला तर त्याहून विचित्र. शिक्षा संपत आली तेव्हा नवा आरोप आला की युकोसने काढलेले जवळजवळ सगळे तेलच या दोघांनी चोरले. पहिल्या खटल्यात आरोप होता की तेल विकून कर भरला नाही, आणि दुसऱ्यात आरोप की तेच तेल चोरले. चोरलेल्या मालावर विक्रीचा कर कसा लागतो, हे कुणीच समजावून सांगितले नाही. डिसेंबर २०१० मध्ये एकूण १४ वर्षांची शिक्षा सुनावली गेली, ती नंतर कमी झाली. न्यायाधीशाच्या कार्यालयातल्याच एका कर्मचारी महिलेने पुढे जाहीरपणे सांगितले की निकाल वरून आला होता. न्यायाधीशाने ते नाकारले. मे २०११ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने दोघांना सद्सद्विवेकाचे कैदी ठरवले.

आता माझ्या प्रश्नाचे उत्तर. तेल कुणाकडे गेले?

सरकारने युकोसवर सुमारे २,७०० कोटी डॉलरची करथकबाकी काढली. वसुलीसाठी कंपनीचा सर्वात मोठा भाग, युगान्स्कनेफ्तेगाझ, १९ डिसेंबर २००४ रोजी लिलावात काढला. युकोसचे निम्म्याहून जास्त तेल इथून येत असे. बोली जिंकली ‘बैकल फायनान्स ग्रुप’ने, ९३५ कोटी डॉलरला. ही कंपनी त्वेर या शहरात काही दिवसांपूर्वीच नोंदवलेली होती. तिचे नाव कुणी ऐकलेले नव्हते. काही दिवसांतच ती अख्खी कंपनी रोसनेफ्टने विकत घेतली. रोसनेफ्टच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष कोण? इगोर सेचिन, पुतिनच्या अध्यक्षीय कार्यालयातला उपप्रमुख. पुतिनचा स्वतःचा आर्थिक सल्लागार आंद्रेई इलारिओनोव्ह याने या व्यवहाराला उघडपणे फसवणूक म्हटले. २००६ मध्ये युकोस दिवाळखोर ठरली, २००७ मध्ये संपली. तिच्या राहिलेल्या मालमत्तेचा बराचसा भागही रोसनेफ्टकडेच गेला.

१९९५ चा लिलाव आणि २००४ चा लिलाव शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे आधी ठरलेला विजेता, दोन्हीकडे बुजगावण्यासारखी मधली कंपनी, आणि दोन्हीकडे जनता खोलीच्या बाहेर.

कुणी म्हणेल, रोसनेफ्ट सरकारी आहे, म्हणजे तेल जनतेकडेच परत आले ना? नाव सरकारी असले म्हणून मालकी जनतेची होत नाही. ज्या देशात जनता सरकार बदलू शकत नाही, वर्तमानपत्र हिशेब मागू शकत नाही, न्यायालय सत्तेविरुद्ध निकाल देऊ शकत नाही, तिथे सरकारी मालकी म्हणजे सत्तेवर बसलेल्यांची मालकी. सोव्हिएत काळातही तेल कागदावर सगळ्यांचेच होते. तरी ते विकले जात असताना कुणालाही विचारले गेले नाही, कारण विचारण्याची रीतच नव्हती.

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे मांडले, हे आपण भाषणात नेहमी सांगतो. त्याच मांडणीचा दुसरा भाग मात्र सांगायचा राहतो. ही व्यवस्था संविधानातच लिहावी, म्हणजे येणारे-जाणारे बहुमत ती मोडू शकणार नाही, आणि ती संसदीय लोकशाहीत चालावी, हुकूमशाहीत नव्हे, हा त्यांचा आग्रह होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या भाषणात त्यांनी रशियाबद्दल हाच प्रश्न केला होता की बळाच्या जोरावर उभे केलेले बळ सरल्यावर टिकेल का. १९९१ नंतर रशियात जे झाले ते त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

या प्रकरणात आणखी दोन नावे तरुणांनी लक्षात ठेवावीत, कारण व्हिडिओत ती नसतात. स्वेतलाना बाखमिना ही युकोसमध्ये नोकरी करणारी वकील, दोन लहान मुलांची आई. डिसेंबर २००४ मध्ये तिला पकडले, साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. तिचे तिसरे मूल कैदेत असतानाच जन्मले आणि २००९ मध्ये तिची सुटका झाली. वासिली अलेक्सान्यान हाही युकोसचा वकील. त्याला एड्स झाला होता, दृष्टी जात होती, तरी योग्य उपचार दिले गेले नाहीत. रुग्णालयात त्याला खाटेला साखळीने बांधले होते. युरोपीय न्यायालयाने ही अमानुष वागणूक असल्याचा निकाल दिला. त्याच्या उपचारासाठी जानेवारी २००८ मध्ये खोदोरकोव्हस्कीने तुरुंगात उपोषण केले. अलेक्सान्यान २०११ मध्ये गेला, वयाच्या ३९ व्या वर्षी. अब्जाधीशाला धडा शिकवण्याच्या नावाखाली पगारी माणसे चिरडली गेली. सत्तेचा बुलडोझर निघाला की वाटेतल्या झोपड्या आधी जातात, हे आपल्याला कुणी वेगळे सांगायला नको.

तुरुंगातून खोदोरकोव्हस्कीने बरेच लिहिले. ऑगस्ट २००५ मध्ये त्याचा ‘डावे वळण’ हा लेख प्रसिद्ध झाला. बहुसंख्य लोकांना खासगीकरण अन्यायाचे वाटते आणि सामाजिक न्यायाची मागणी टाळता येणार नाही, असे त्याने त्यात मान्य केले. तुरुंगात जाण्याआधी हे त्याला का सुचले नाही, हा प्रश्न विचारायलाच हवा. पण लिहिले ते खरे लिहिले.

२० डिसेंबर २०१३ रोजी माफी मिळून तो सुटला आणि थेट बर्लिनला गेला. आई आजारी असल्याचे कारण त्याने अर्जात दिले होते, गुन्हा कबूल केला नव्हता. जर्मनीचे माजी परराष्ट्रमंत्री गेन्शर यांनी मध्यस्थी केली होती. तेव्हापासून तो परदेशात आहे, आधी स्वित्झर्लंड, नंतर लंडन. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्याविरुद्ध त्याने निर्वासित रशियनांसोबत युद्धविरोधी समिती काढली आणि रशियाने त्याला ‘परकीय हस्तक’ ठरवले. २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने युकोसच्या भागधारकांना सुमारे १८७ कोटी युरो भरपाई देण्याचा निकाल दिला. याच न्यायालयाने, कारवाईमागे राजकीय हेतू होता हे मात्र सिद्ध झाले नाही असेही म्हटले होते. भरपाई कुणाला? भागधारकांना. सायबेरियातल्या कामगाराचा, व्हाउचर विकून भाकरी आणणाऱ्या म्हातारीचा दावा कुठल्याही न्यायालयात दाखल झालाच नाही.

आणि हे सगळे आपल्यापासून फार लांबचे आहे असे समजू नका. युकोसच्या तेलावर मोठी झालेली ही रोसनेफ्ट २०१७ पासून गुजरातच्या वाडिनार शुद्धीकरण कारखान्याच्या कंपनीत ४९.१३ टक्के भागीदार आहे. त्या कंपनीचे आजचे नाव नायरा. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर तिचे पंप आहेत. आपण गाडीत पेट्रोल भरतो तेव्हा या गोष्टीचे एक टोक आपल्याही हातात असते.

मग आपली भूमिका काय असावी? खोदोरकोव्हस्कीला हुतात्मा करण्याची काहीही गरज नाही. जनतेची मालमत्ता त्याने कवडीमोलाने घेतली, हे दहा वर्षांच्या तुरुंगवासाने पुसले जात नाही. पण त्याच्यावरचे खटले अन्यायाचे होते, हेही त्याच्या श्रीमंतीमुळे खोटे ठरत नाही. ही दोन्ही वाक्ये एका दमात म्हणता आली पाहिजेत. जो फक्त पहिले म्हणतो तो हुकूमशहाच्या कामी येतो. जो फक्त दुसरे म्हणतो तो भांडवलदाराच्या.

आणि आपल्याला दुसरे वाक्य विसरणे परवडणारे नाही. ज्या व्यवस्थेत देशातल्या सर्वात श्रीमंत माणसाला, जगातले नामांकित वकील उभे करूनही, न्याय मिळत नाही, तिथे वस्तीतल्या पोराला कोण विचारणार? नावडत्या माणसासाठी कायदा वाकवला जातो तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या, तर तोच वाकलेला कायदा आपल्या दारात येईल तेव्हा बोलायला तोंड राहत नाही.

म्हणून मित्रांनो, यापुढे कुठल्याही देशात कुठल्याही धनिकाला पकडल्याचा व्हिडिओ आला की पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. हेच करणारे बाकीचे मोकळे आहेत का? खटला उघड्यावर, पुराव्यावर चालला का? आणि जप्त केलेला माल कुणाच्या घरी गेला? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘जनतेच्या’ असे येईल तेव्हा टाळ्या वाजवू. त्या दिवशी मीही तुमच्यात असेन.